नंबर काढायचे असतील तर रस्ता बंद करा

प्रति,
मुंबई, ठाणे, नवी मुंबई परिसरात वेळ मोजून सामूहिक सायकल राइड भरवणारे सर्व आयोजक

सप्रेम नमस्कार, वि. वि.

पाऊस ओसरला की तुमच्या जाहिराती सुरू होतात. २५, ५०, १०० किलोमीटर; चिप टायमिंग; वयोगटाप्रमाणे पहिले तीन; टी-शर्ट, मेडल, ई-सर्टिफिकेट. आणि तळाशी, चष्मा शोधावा लागेल इतक्या बारीक अक्षरात: 'ही शर्यत नाही. सहभागींनी वाहतुकीचे नियम पाळावेत.' माझं सगळं म्हणणं त्या तळच्या ओळीबद्दल आहे.

आधी मी कोण ते सांगते. मुलुंडला राहते, नोकरी करते, सायकल चालवते. पण सायकलवाले मला ओळखतात ते टेबलवाली म्हणून. बीआरएम म्हणजे ठरल्या वेळेत पूर्ण करायच्या, क्रमांक नसलेल्या लांब पल्ल्याच्या राइड. त्यात ठरावीक अंतरावर कंट्रोल, म्हणजे तपासणीचे थांबे, असतात, तिथे कार्डावर शिक्का मारायला कुणीतरी बसावं लागतं. ती बहुधा मी असते. तुमच्याही राइडना शिट्टी आणि झेंडा घेऊन चौकात मार्शल म्हणून उभी राहिले आहे. दोन्ही घरचं मीठ खाल्लंय, म्हणून दोन्हीकडचं बोलायचा हक्क आहे असं समजते.

तुमच्या लोकांशी बोलताना बीआरएमचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "त्यांनाही कटऑफ, म्हणजे पोचायची शेवटची वेळ, असतोच की. ते वेळ मोजतात, आम्हीही मोजतो. फरक काय?" फरक आहे, आणि तो तुमच्या उपयोगाचा आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बीआरएमचे नियम पॅरिसच्या ऑडॅक्स क्लब पारिझियाँचे. क्लब १९०४ सालचा. जगभरातल्या बीआरएमची नोंद आजही त्यांच्याकडे होते. आपल्याकडची ऑडॅक्स इंडिया रँडोनियर्समार्फत जाते. २०० किलोमीटरला १३ तास ३० मिनिटं, ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४०. या चारही एका हंगामात, म्हणजे नोव्हेंबर ते ऑक्टोबर, पूर्ण केल्या की तुम्ही सुपर रँडोनियर. आमच्या भाषेत 'एसआर झाला'. इथवर बहुतेकांना माहीत असतं. जे माहीत नसतं ते असं, की प्रत्येक कंट्रोल जसा ठरल्या वेळी बंद होतो तसा तो ठरल्या वेळीच उघडतोही. समजा सकाळी ६ ला ठाण्याहून निघालात आणि साधारण १०० किलोमीटरवर इगतपुरीला कंट्रोल आहे. तो ८ वाजून ५६ मिनिटांनी उघडणार आणि १२ वाजून ४० मिनिटांनी बंद होणार. ताशी ३४ किलोमीटरच्या वर सरासरी ठेवून कुणी कसारा घाट चढून आलाच, तर त्याला मी चहा देईन, शिक्का देणार नाही. बसा म्हणेन. संपूर्ण २०० सुद्धा ५ तास ५३ मिनिटांच्या आत पूर्ण झालेली चालत नाही.

या दोन वेळांच्या मधे जो आला तो आला. आठ तासांत आलेला आणि तेरा तास पंचवीस मिनिटांनी आलेला, दोघांनी २०० केली एवढंच. क्रमांक कुणालाच नाही. मेडलही आपोआप गळ्यात पडत नाही. ज्याला हवं त्यानं वेगळे पैसे भरून मागवायचं, आणि ते सगळ्यांना एकच. याचा परिणाम रस्त्यावर दिसतो. पहिल्या तीस-चाळीस किलोमीटरमध्ये जोर करणारे असतातच, पण भिवंडी बायपास मागे पडेपर्यंत तो जोर विरतो. घाईला गिऱ्हाईकच नसतं.

तुमच्याकडे घड्याळ दुसऱ्याच कामाला जुंपलेलं आहे. बिबच्या, म्हणजे छातीवरच्या नंबराच्या कागदाच्या, मागे चिकटवलेली चिप, सुरुवातीला आणि शेवटी रस्त्यावर अंथरलेली मॅट. चिप मॅटवरून गेली की सेकंद नोंदला. ते सेकंद तुम्ही चढत्या क्रमानं लावता आणि दुपारपर्यंत प्रत्येकाच्या फोनवर पाठवता: एकूण क्रमांक अमुक, वयोगटात तमुक. एकदा माणसाला आपण २१४ वे आलो हे कळलं की पुढच्या वर्षी त्याला १९९ वं यायचं असतं. त्याला नावं ठेवायचं कारण नाही, आकडा दिला की तो सुधारावासा वाटणारच. पण मग 'ही शर्यत नाही' हे कशाच्या जोरावर म्हणायचं? शर्यतीला लागणारं सगळं तुम्ही त्याच्या हातात देता, बिब, घड्याळ, क्रमवारी, व्यासपीठ. देत नाही ती एकच गोष्ट: मोकळा रस्ता.

काही वर्षांपूर्वीच्या एका राइडला मी दक्षिण मुंबईतल्या एका वळणावर उभी होते. राइडचं नाव लिहीत नाही; त्या जागी तुमच्यातलं कुणीही असू शकलं असतं. डावी लेन कोन लावून राइडसाठी राखलेली, उरलेल्यातून बेस्टच्या बस, टॅक्सी, दुधाचे टेम्पो. नुकतं उजाडलेलं. पहिला जथा गेला तो बघत राहावा असा: चाकामागे चाक, खड्डा आला की हात खाली करून मागच्याला खूण. मग आला मधला लोंढा. गियरच्या सायकली, बिनगियरच्या, कानात इअरफोन घातलेले, एका हातानं व्हिडिओ काढणारे, आणि त्यांच्यातून वाट काढत वयोगटातल्या क्रमांकामागे धावणारे. कोनांच्या आतल्या बाजूला पालिकेची एक सफाई कामगार बाई रोजच्यासारखी कडेचा पाला लोटत होती. आज तिची कड म्हणजे ट्रॅक आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी शिट्टी वाजवली तर तिनं माझ्याकडे बघितलं, रस्त्याकडे नाही. "साइड! साइड!" ओरडत एकजण हँडलवर वाकून आला, अगदी शेवटी त्यानं ब्रेक दाबला, मागचं चाक घसरलं आणि मागचे तिघे त्याच्या अंगावर. बाईला खरचटलंसुद्धा नाही, झाडूचा दांडा मात्र मोडला. पडलेल्यांपैकी एका गृहस्थांचं कॉलरबोन गेलं. रस्त्यावर बसल्या बसल्या, तो हात धरून, त्यांनी आधी काय केलं असेल तर मनगटावरचं घड्याळ थांबवलं. बाई मला विचारत होती, मोडक्या झाडूचं मुकादमाला काय सांगू?

दुपारी निकाल आले. आभाराच्या मेलमध्ये प्रायोजक होते, पोलीस होते, आम्ही 'स्वयंसेवक हाच आमचा कणा' वगैरे होतो. ते वळण नव्हतं. मार्शलच्या ग्रुपवर मी विचारलं तेव्हा 'मायनर इन्सिडेंट' असं उत्तर आलं, त्याखाली दोन अंगठे.

यात वाईट माणूस कुणी नव्हता. सफाईवाली तिच्या कामावर होती, पडलेले गृहस्थ सज्जन होते, कोन लावणारी कॉलेजची पोरं पहाटे तीनपासून राबत होती. चूक आखणीची होती, आणि ती साध्या हिशेबात दिसते. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. पुढच्या चाकामागे एक मीटरवर असलात तर तुमच्या हातात सेकंदाचा दहावा भाग असतो. तेवढ्यात माणसाचा मेंदू 'ब्रेक' हा विचारही पुरा करत नाही. मग माणसं इतकी जवळ का येतात? कारण पुढच्याच्या आडोशाला वारा लागत नाही आणि बरीच ताकद वाचते. घोळक्यात चालवणं ही एक विद्या आहे, शर्यतवाले ती वर्षानुवर्षं एकमेकांच्या शिव्या खात शिकतात. तुमची नोंदणी दोन क्लिकमध्ये होते. क्रमांक लावला की न शिकलेले लोकही घोळक्यात शिरणार, आणि रस्ता अर्धा उघडा असला की त्या घोळक्याला पळायला बाजूच नसणार.

आता तुम्ही म्हणाल, बीआरएममध्ये कुणी पडत नाही का? पडतं. आमचा धोका वेगळा आहे, झोपेचा. ४०० आणि ६०० च्या रात्री, तीन ते पाचच्या दरम्यान, सरळ हायवेवर माणूस पेडल मारता मारता डुलकी घेतो आणि शेजारून ट्रक जात असतात. रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सक्तीचं, पुढचा-मागचा दिवा सायकलला पक्का बसवलेला सक्तीचा, पण जाग कुणाला सक्तीची करणार? कटऑफच्या भीतीनं लोक झोपायचं टाळतात, हे मी टेबलवरून बघते आणि मला ते आवडत नाही. मी स्वतः कितीकांना दटावून ढाब्याच्या खाटेवर वीस मिनिटं आडवं केलंय. तेव्हा बीआरएम म्हणजे साधुसंतांची वारी आणि तुम्ही तेवढे बाजारू, असं मी म्हणत नाही. पण आमच्याकडे माणूस चुकला तर बहुतेकदा एकटा पडतो, तुमच्याकडे चौघांना घेऊन पडतो.

आणि क्रमांक नसल्यानं काय होतं तेही एकदा येऊन बघा. शहापूरच्या पुढे हायवेवरच्या एका ढाब्यावर ४०० च्या रात्री माझं टेबल होतं. कंट्रोल बंद व्हायला काही मिनिटं उरली असताना डोंबिवलीचा एक मुलगा आला. बोटं इतकी आखडलेली की पाऊचची चेन उघडेना. कार्ड घामानं मऊ पडलेलं, शिक्क्याची शाई त्यावर पसरली. त्याच्या मागोमाग वसईचे एक काका. काकांना मी ओळखत होते, ते एरवी या वेळेपर्यंत कधीच पुढे निघून गेलेले असतात. मुलाच्या दिव्याचं ब्रॅकेट आसनगावच्या आसपास तुटलं होतं. काकांनी जुन्या ट्यूबची पट्टी कापून दिवा हँडलला आवळून बांधला आणि तो सुटला तर काय म्हणून त्याच्या मागोमाग सावकाश आले. दोघांची त्याआधी ओळख नव्हती. काकांचा पाऊण तास गेला. कशातून गेला? कशातूनच नाही. त्यांनी दोन प्लेट भजी मागवली, मला चहा विचारला, आणि गेले. हीच माणसं तुमच्या राइडमध्ये थांबली नसती असं नाही. पण थांबण्याची किंमत तुम्ही लावून ठेवली आहे, आम्ही नाही, एवढंच.

(जाता जाता: जिथे टेबल मांडता येत नाही तिथे एटीएमची पावतीसुद्धा पुरावा म्हणून चालते, त्यावर जागा आणि वेळ छापलेली असते म्हणून. शिल्लक रकमेवर घडी घालून पावती देणारे आणि तशीच फटकन देणारे, असे माणसांचे दोन प्रकार मला या कामात कळले.)

हे सगळं मुळात असं नव्हतं, हेही सांगायला हवं, नाहीतर आमच्यातले काहीजण उगाच ताठतील. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही बीआरएमवाल्यांची पंढरी. पण १८९१ साली ती सुरू झाली ती चक्क शर्यत म्हणून, पॅरिसच्या एका वर्तमानपत्रानं भरवलेली. १२०० किलोमीटर, पहिला आला शार्ल तेराँ, ७१ तास २२ मिनिटांत, झोपेशिवाय जवळपास. प्रायोजक, जाहिरात, टायर कंपनीची चढाओढ, सगळं होतं. साधारण दर दहा वर्षांनी शर्यत व्हायची. १९३१ पासून हौशी लोकांसाठी बिनशर्यतीची राइड तिच्या जोडीनं सुरू झाली, आणि १९५१ नंतर व्यावसायिक शर्यत बंद पडली. राहिली ती हौशी राइड. आज दर चार वर्षांनी हजारो लोक ९० तासांच्या मर्यादेत ती करायला जातात. २०१९ आणि २०२३ ला आपल्याकडूनही शेकडो गेले. त्यातले बरेच वेळेत पोचले नाहीत. फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतातल्या थंड रात्री आणि न संपणारे चढ-उतार आपल्याला झेपणं सोपं नाही. आणि पुढचा घोळका तिथेही शर्यतच करतो, हे खरं आहे. नियम माणसाची खुमखुमी मारू शकत नाही, तिला बक्षीस द्यायचं की नाही एवढंच ठरवू शकतो.

शर्यतीला तर माझा मुळीच विरोध नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीच्या गोष्टी ऐकत आपली पिढी वाढली. बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, आणि लहानपणी तो किताब शर्यत जिंकण्यापेक्षा मोठा वाटायचा. ती शर्यत प्रामाणिक आहे. शर्यत आहे असं सांगते, शर्यतवाल्यांनाच घेते, पुढे पायलट गाडी, मागे रुग्णवाहिका. ब्रिटनमध्ये १९६० पासून हमरस्त्यावरच्या सायकल शर्यतींना स्वतंत्र नियम आहेत: शर्यत म्हटली की पोलिसांना कळवायचं, संख्येला मर्यादा. म्हणून तिथले हौशी राइडचे आयोजकही 'ही शर्यत नाही' असंच लिहितात. तुमची बारीक अक्षरांची ओळ तिथूनच आली असावी असा माझा संशय आहे. फक्त तिथे ती कायद्याला घाबरून लिहितात, इथे घाबरवणारं कुणी नाही.

ज्यांनी हे नीट केलं त्यांच्याकडे बघा. फ्रान्समधली लेताप द्यु तूर १९९३ पासून होते: तूर द फ्रान्सच्या एका टप्प्याचा रस्ता, हजारो हौशी सायकलस्वार, वेळ मोजलेली, क्रमांक लावलेले. पण रस्ता बंद. दक्षिण आफ्रिकेतली केप टाउन सायकल टूर १९७८ पासूनची, १०९ किलोमीटर, जगातल्या सगळ्यात मोठ्या वेळ मोजणाऱ्या राइडपैकी एक. तिथेही रस्ता बंद, आणि २०१७ ला वारा इतका होता की माणसं सायकलीसकट उडायला लागली, तर आयोजकांनी सगळी राइडच रद्द केली. हजारो लोकांचे पैसे, विमानाची तिकिटं, सगळं त्यांच्यासमोर होतं. आणि दुसऱ्या टोकाला स्वीडनची वेटर्नरुंडान, १९६६ पासून, एका मोठ्या तळ्याला ३१५ किलोमीटरचा वळसा. तिथे चिप आहे, प्रत्येकाला स्वतःची वेळ कळते, पण क्रमांक नाहीत. म्हणजे चिप विकत घेतली की उतरंड लावावीच लागते असा काही दंडक नाही.

माझी मागणी यातूनच आली आहे. क्रमांक लावायचे असतील तर रस्ता पूर्ण बंद करा, दोन्ही बाजू, आणि पालिकेच्या वॉर्ड ऑफिसपासून कोळीवाड्यातल्या मच्छीवाल्या बायकांपर्यंत ज्यांची त्या रस्त्यावर रोजची पहाट असते त्यांना आधी सांगा. ते जमत नसेल, आणि मुंबईत ते अवघड आहे हे मला कळतं, तर क्रमांक काढून टाका. वेळ ज्याची त्याला खुशाल कळवा. कटऑफ ठेवा. वयोगटाचं व्यासपीठ गुंडाळा. प्रायोजकाला व्यासपीठाशिवाय फोटो मिळत नाही ही अडचण मला सांगितली गेली आहे. सगळ्यात शेवटी येणाऱ्याचा फोटो काढा, तो नक्की हसत असतो.

मधला एक मार्गही आहे, आणि मला तो सगळ्यात आवडतो. परदेशातल्या काही ग्रान फोंदोमध्ये, म्हणजे हौशी लोकांच्या मोठ्या सामूहिक राइडमध्ये, फक्त चढ मोजतात. चढाच्या खाली एक मॅट, वर एक मॅट. बाकी सगळा रस्ता बिनमोजणीचा. चढावर वेग दहा-बारा, वाऱ्याच्या आडोशाचा फायदा जवळजवळ शून्य, घोळका आपोआप सुटा होतो, आणि कुणी पडलंच तर गुडघा खरचटण्यापलीकडे फारसं काही होत नाही. वर पोचलं की चहा, पाणी, थट्टामस्करी, आणि खाली येताना कुणालाही घाई नाही, कारण उताराची वेळ कुणी मोजतच नाही. शंभर किलोमीटर बंद करण्यापेक्षा पाच-सात किलोमीटर चढाची एक बाजू दोन तास बंद करणं पोलिसांनाही सोपं. खुमखुमी असलेल्यांना घाटाचा राजा व्हायला मिळेल, बाकीच्यांना राइड मिळेल. आपल्याकडे कल्पना आयती होती, आपण ती फक्त शर्यतीपुरती ठेवली.

एका बाबतीत मात्र तुम्ही आमच्यापेक्षा कितीतरी पुढे आहात. माझी जाऊ, चाळिशी उलटल्यावर, तुमच्या २५ किलोमीटरच्या राइडला मैत्रिणींबरोबर भाड्याची सायकल घेऊन गेली. समुद्राच्या कडेनं, एकही हॉर्न न ऐकता. पुढच्या महिन्यात तिनं स्वतःची सायकल घेतली, आता भाजीला त्याच सायकलवर जाते. आमची २०० बघून असं कुणाचं झालेलं मला माहीत नाही. लोक आम्हाला बघून हात जोडतात. बीआरएममध्ये बायका मोजक्या असतात, आणि रात्री अडीचला हायवेच्या पेट्रोल पंपावर टॉयलेटची किल्ली मागत फिरावं लागलं की त्या मोजक्या का, हे कळतं. आमच्या क्लबांनी याचं काहीतरी करायला हवं, दरवर्षी बोलून सोडून देतात. शिवाय हल्ली आमच्यातच 'सब-आठ मारली', म्हणजे २०० आठ तासांच्या आत केली, असं सांगणारे, स्ट्राव्हा या सायकलवाल्यांच्या ॲपवर पहिल्या आलेल्याचे फोटो टाकणारे वाढलेत. तुम्हाला उपदेश करताना हे लपवणं बरं दिसणार नाही.

पण तुमचं हे जे बळ आहे, ते रस्ता बंद करण्यातच आहे, चिपमध्ये नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर सायकल चालत नाही. अटल सेतूवर नाही. कोस्टल रोडच्या बोगद्यात नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत, २०११ साली सायकल ट्रॅक बांधला गेला, त्यावर सायकलींपेक्षा उभ्या गाड्याच जास्त दिसल्या. या शहरात सायकलवाल्याला गाड्यांशिवायचा रस्ता मिळण्याची शक्यता जवळजवळ फक्त तुमच्या हातात उरली आहे. तुमच्याकडे प्रायोजक आहेत, मंत्रालयात ओळखी आहेत, झेंडा दाखवायला पुढारी येतात. आमच्या बीआरएमला कुणी रस्ता बंद करून देणार नाही, आम्ही मागतही नाही. आम्ही साठ-सत्तर जण पहाटे निघतो आणि मुलुंड चेकनाका ओलांडेपर्यंत इतके पांगतो की वाहतुकीला पत्ताही लागत नाही. तुम्ही हजारोंना बोलावता. हजारोंना बोलावणाऱ्यानं अर्धी लेन मागून समाधान मानू नये.

आणखी दोन गोष्टी, छोट्या. जाहीर केलेल्या कटऑफच्या आधी फिनिशची कमान उतरवू नका. शेवटचा माणूस वेळेत पोचूनही त्याला रिकामं मैदान आणि खुर्च्या गोळा करणारे कामगार दिसतात, असं मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिलं आहे. बीआरएमच्या कंट्रोलवर शेवटचा शिक्का पडेपर्यंत टेबल हलत नाही, कंट्रोल बंद होण्याच्या एक मिनिट आधी आलेल्यालाही चहा गरम मिळतो. दुसरं, निकालाबरोबर अपघातही प्रसिद्ध करा: किती पडले, कुठे, कशामुळे. नावं नकोत. पुढच्या वर्षी त्या वळणावर मार्शल म्हणून उभ्या राहणाऱ्या पोरीला तेवढं तरी माहीत असू दे.

या हंगामातही मला मार्शलसाठी फोन येतील. रस्ता बंद असेल किंवा क्रमांक नसतील तर पहाटे चार वाजता शिट्टी घेऊन हजर असेन, जेवणाचं पाकीट नसलं तरी चालेल. अर्धी लेन आणि पूर्ण क्रमवारी असेल तर माझं नाव धरू नका. नकाशा पक्का करण्याआधी बसायचं असेल तर रविवार सोडून कुठल्याही संध्याकाळी मुलुंडला या, कुठले चौक अडचणीचे आहेत ते मी आणि माझ्यासारखे आणखी चार टेबलवाले दाखवू शकतो.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक कंट्रोल-टेबलवाली
मुलुंड पूर्व